कव्हर कुणासाठी?

‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ हा १९६८चा सिनेमा ज्यांना अजून पाहायचा आहे, त्यांनी हा परिच्छेद सरळ ओलांडून पुढे जावं. सिनेमाच्या शेवटी चार्लटन हेस्टन समुद्रकिनाऱ्याने घोड्यावरून येतो आणि वाळूत अर्धाअधिक गाडला गेलेला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा पाहून गुडघे टेकतो. आपण परग्रहावर येऊन पडलो आहोत असं तो इतका वेळ समजत होता. ती आपलीच पृथ्वी निघते. जवळजवळ दोन तासांची सगळी मांडणी या एका क्षणासाठी केलेली आहे. आणि नेमका हाच पुतळा या सिनेमाच्या व्हिडिओ कॅसेटच्या नि डीव्हीडीच्या एकाहून अधिक आवृत्त्यांवर दिमाखात छापलेला आहे.

सिनेमावेड्या मंडळींत हा विषय काढून बघा. निम्मे जण उसळतात. कव्हर करणाऱ्याला अक्कल होती की नाही, इथपासून सुरुवात होते. उरलेले निम्मे शांतपणे विचारतात की, तीस-चाळीस वर्षं जुन्या सिनेमाची डिस्क पदरचे पैसे घालून घेणारा माणूस तो पहिल्यांदा बघायला घेतो का? बहुतेकदा नाही. त्याने तो कधीतरी टीव्हीवर, कुणाच्या घरी, कॉलेजच्या फिल्म क्लबात पाहिलेला असतो. मनात राहिला म्हणून तर तो विकत घेतोय. त्याच्या लेखी हा सिनेमा म्हणजे तो पुतळाच. मग कव्हरवर दुसरं काय छापायचं?

मला दोन्ही बाजू पटतात, आणि त्या पटण्याच्या अडचणीतून हे पुस्तक सुरू झालं. घरी आणायच्या सिनेमांच्या कव्हरांवरून रसिक जे वाद घालतात ते वरवर पाहता आवडीनिवडीचे दिसतात. कुणाला हाताने रंगवलेलं आवडतं, कुणाला सिनेमातलंच छायाचित्र हवं असतं, कुणाला अक्षरं मोठी वाटतात. पण जरा खोदलं की बहुतेक भांडणांच्या तळाशी एकच गोष्ट सापडते. हे चित्र ज्याने सिनेमा पाहिलेला नाही त्या परक्या माणसाला खुणावण्यासाठी काढलेलं आहे, की ज्याने पाहिलाय त्याच्या घरात वर्षानुवर्षं राहण्यासाठी? परक्यासाठी काढलेलं चित्र ओळखीच्या माणसाच्या कपाटात येऊन बसतं, तिथे कुरबुर सुरू होते. या पुस्तकात पुढे जी प्रकरणं आहेत ती सगळी या ना त्या वाटेने याच कुरबुरीपाशी येतात.

सिनेमाच्या पोस्टरला हा प्रश्न पडत नाही. पोस्टर रस्त्यावरचं. येणाऱ्या-जाणाऱ्याने मान वळवली, तिकीट काढलं, की त्याचं काम संपलं. पुढच्या शुक्रवारी त्याच्यावर दुसरं पोस्टर चिकटवलं तरी त्याची तक्रार नसते. मराठी वाचकाला ही परंपरा नवी नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२४च्या ‘कल्याण खजिना’साठी केलेलं पोस्टर भारतातल्या उरलेल्या सर्वांत जुन्या चित्रपट-पोस्टरांपैकी एक मानलं जातं, आणि ‘दीवार’ किंवा ‘अमर अकबर अँथनी’ची दिवाकर करकरेंनी रंगवलेली पोस्टरं आज लिलावात जातात. पण ती काढली होती भिंतीसाठी, गर्दीसाठी, लांबून दिसण्यासाठी. तेच चित्र तळहाताएवढं करून प्लॅस्टिकच्या डबीवर घातलं की ते तेच राहत नाही. करकरेंच्या चित्रातले रंगाचे जाड फटकारे तेवढ्या आकारात दिसतसुद्धा नाहीत.

भिंत आणि कपाट यांच्या मधला टप्पा म्हणजे व्हिडिओचं दुकान, आणि कव्हरांचा खरा जन्म तिथला. १९८०च्या सुमाराला ब्रिटनमध्ये व्हिडिओ इतक्या झपाट्याने पसरला की कायदा मागे पडला. थिएटरात लागणाऱ्या सिनेमाला सेन्सॉर होतं, भाड्याने मिळणाऱ्या कॅसेटला काहीच नव्हतं. वाण्याच्या दुकानात, पेट्रोलपंपावर, कुठेही कॅसेटा टांगलेल्या असत. छोट्या वितरकांकडे नावाजलेले सिनेमे नव्हते, जाहिरातीला पैसे नव्हते. हातात होतं ते कव्हर. तेव्हा त्यांनी सगळं भांडवल त्या कव्हरात ओतलं.

१९८२ साली व्हिपको नावाच्या वितरकाने ‘द ड्रिलर किलर’ची कॅसेट काढली. कव्हरवर एका माणसाच्या कपाळात ड्रिल शिरतंय, रक्त वाहतंय, माणूस किंचाळतोय, असं अगदी जवळून घेतलेलं दृश्य. हेच चित्र मासिकांत जाहिरात म्हणून आलं आणि तक्रारींचा पाऊस पडला. त्यातून ‘व्हिडिओ नॅस्टी’ची हाकाटी सुरू झाली, वर्तमानपत्रं पेटली, पोलिसांनी दुकानांवर छापे घातले, सरकारी वकिलांच्या खात्याने संशयित सिनेमांची यादी केली. वेळोवेळी त्या यादीत आलेले सगळे सिनेमे धरले तर ते ७२ होतात. १९८४ साली व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज ॲक्ट आला आणि घरगुती कॅसेटलाही प्रमाणपत्र लागायला लागलं. आता गंमत बघा. एबल फेराराचा तो सिनेमा आज पाहिला तर त्यातला बराचसा वेळ न्यूयॉर्कमधल्या एका कफल्लक चित्रकाराच्या चिडचिडीत जातो. घरभाडं थकलंय, खालच्या मजल्यावर बँड कानठळ्या बसवतोय, हातातलं चित्र पुरं होत नाही. ड्रिल आहे, नाही असं नाही. पण कव्हर पाहून आलेल्या माणसाला पैसे परत मागावेसे वाटतील इतपतच. ज्यांनी या सिनेमावर बंदीची मागणी केली त्यांतल्या बहुतेकांचा त्याच्याशी असलेला संबंध त्या कव्हरापुरताच होता. म्हणजे खटला सिनेमावर झाला, आणि आरोपी होतं चित्र. सरकारच्याही हे लक्षात आलं असावं; १९८७मध्ये तिथल्या सेन्सॉर बोर्डाने आणि व्हिडिओ उद्योगाने मिळून नुसत्या कव्हरांची तपासणी करणारी वेगळी समिती नेमली.

परक्याला खुणावण्याचं काम यापेक्षा जोरात कुठे झालं असेल तर घानामध्ये. १९८०च्या दशकात तिथले फिरते व्हिडिओवाले जनरेटर, टीव्ही, व्हीसीआर गाडीत घालून गावोगाव जात आणि पिठाच्या पोत्यांच्या कापडावर रंगवलेली पोस्टरं बाहेर लावत. सिनेमात नसलेले साप, नसलेली भुतं, नसलेली मुंडकी त्यांवर बिनदिक्कत असत. आज हीच पोती युरोप-अमेरिकेतले संग्राहक विकत घेतात. हा वेगळ्या पुस्तकाचा विषय आहे, म्हणून इथेच सोडतो.

ब्रिटनमध्ये त्या काळात जी मुलं दहा-बारा वर्षांची होती, ती आज पन्नाशीत आहेत, आणि कव्हरांवरच्या चर्चेत सर्वांत तावातावाने बोलतात ती हीच. त्यांना ‘द ईव्हिल डेड’ हवा असतो तो ग्रॅहम हम्फ्रीजने १९८३ साली पॅलेस पिक्चर्ससाठी केलेल्या चित्रासकट. पॅलेसने तो सिनेमा थिएटरात आणि कॅसेटवर जवळजवळ एकाच वेळी आणला होता, त्यामुळे ते चित्र एकाच वेळी भिंतीवरही होतं आणि दुकानातही. हम्फ्रीज आजही डिस्कांसाठी चित्रं काढतो. त्या चिवट रंगांचा हिरवा-जांभळा उजेड लांबून ओळखू येतो. या लोकांना तुम्ही कितीही संयत, कितीही कलात्मक कव्हर द्या, ते म्हणणार, छान आहे, पण आमचं ते नव्हे. सिनेमा पाहायला मिळायच्या आधी कित्येक महिने त्यांनी नुसतं कव्हर पाहिलेलं असतं, दुकानाच्या वरच्या फळीवर, हात पोचणार नाही अशा ठिकाणी. सिनेमा मनातल्या मनात तयार झाला तो त्या चित्रावरून. खरा नंतर पाहिला.

आपल्याकडे हा अनुभव जवळजवळ नाही, आणि याचं कारण साधं आहे. १९८२च्या एशियाडच्या सुमाराला रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आले, गल्लोगल्ली व्हिडिओ लायब्ऱ्या निघाल्या, पण बऱ्याच लायब्ऱ्यांतल्या कॅसेटवर कव्हर असं नसायचंच. काळी किंवा पांढरी डबी, पाठीवर पेनाने लिहिलेलं नाव, नाही तर नुसता नंबर. नंबर वहीत बघायचा. निवड व्हायची ती काउंटरवरच्या माणसाच्या शब्दावर: हा घेऊन जा, फॅमिलीत बघण्यासारखा आहे. मुंबईत शेमारू १९६२ साली पुस्तकांची लायब्ररी म्हणून सुरू झाली आणि १९७९मध्ये तिने कॅसेटा भाड्याने द्यायला सुरुवात केली. तेव्हा पुस्तकांच्या धंद्यातली नोंदवही कॅसेटच्या धंद्यात सहज चालून गेली, यात नवल नाही. दृश्यमाध्यमाची निवड आपण कानाने केली. म्हणून ब्रिटिश रसिक ज्या हळवेपणाने कव्हरांबद्दल बोलतो, तसा हळवेपणा आपल्याकडे फार तर कॅसेटची फीत अडकण्याबद्दल सापडेल.

मग व्हीसीडी आली आणि कव्हर आलं, पण कसं? २००७मध्ये मोझर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, आणि पायरसीवाल्याशी टक्कर द्यायची म्हणून खर्च जिथे तिथे छाटला. या हिशेबात कव्हराच्या वाट्याला काय येणार? नायकाचा कापलेला चेहरा, नायिकेचा कापलेला चेहरा, मागे सूर्यास्त, आणि किंमत नावाएवढ्याच ठळकपणे. थ्री-इन-वन डीव्हीडीवर तर एकाच कव्हराचे तीन पट्टे पाडून तीन सिनेमे बसवलेले असत. मराठी सिनेमांचं आणि नाटकांचं यापेक्षा वेगळं नव्हतं. मी या कव्हरांची टिंगल करणार नाही. नाक्यावरच्या टपरीत, दोरीला चिमट्याने लटकवलेल्या अवस्थेत, दोन सेकंदांत ‘यात अशोक सराफ आहे’ एवढं कळणं गरजेचं होतं, आणि तेवढं ते नक्की कळायचं. त्यात चार वर्षं जुन्या सिनेमातला दोन दृश्यांपुरता नट एव्हाना मोठा झाला असेल, तर नवीन छपाईत त्याचा चेहरा मधोमध यायचा. हा प्रकार हॉलिवूडमध्येही चालतो. ‘लेप्रेकॉन’ नावाच्या १९९३च्या भयपटात जेनिफर ॲनिस्टन होती. ‘फ्रेंड्स’नंतर त्या बुटक्या राक्षसाला कव्हरावरची जागा तिच्याशी वाटून घ्यावी लागली.

तरंगत्या मुंडक्यांबद्दल रसिक सर्वांत जास्त बोलतात, म्हणून त्यामागचं कारण इथे थोडक्यात सांगून टाकतो. काळोखात पाच-सहा चेहरे धुरासारखे लटकताहेत आणि खाली कुणीतरी छोटासा धावतोय, अशा कव्हराला लोक ‘फोटोशॉपचा आळस’ म्हणतात. आळस असतोच, पण त्याच्या आधी करार असतो. कुणाचं नाव आधी, कुणाचं किती मोठं, नाव आलं तर चेहराही आला पाहिजे का, हे नटांच्या करारात ठरलेलं असतं. १९७४च्या ‘द टॉवरिंग इन्फर्नो’मध्ये स्टीव्ह मॅक्वीन आणि पॉल न्यूमन यांच्यात पहिलं नाव कुणाचं यावर तोडगा निघाला तो असा: मॅक्वीनचं नाव डावीकडे पण खाली, न्यूमनचं उजवीकडे पण वर. डावीकडून वाचणाऱ्याला एक पहिला, वरून वाचणाऱ्याला दुसरा. नावांचा क्रम वकिलाने ठरवायचा आणि चेहऱ्यांची मांडणी चित्रकाराने, त्यामुळे आजही कित्येक कव्हरांवर एकाच्या डोक्यावर दुसऱ्याचं नाव दिसतं. रसिकांना वाटतं की डिझायनरचं लक्ष नव्हतं. त्याचं होतं, हात बांधलेले होते.

दुसरी नेहमीची तक्रार: ‘ज्याने हे काढलं त्याने सिनेमा पाहिला तरी होता का?’ हा प्रश्न मला पूर्वी फार सयुक्तिक वाटायचा. पण उदाहरणं बघत गेलो तसा तो डळमळीत झाला. जॉन कार्पेंटरच्या ‘द थिंग’चं (१९८२) ड्रू स्ट्रझनने केलेलं चित्र आठवा. बर्फातला अंगरखा घातलेला माणूस, आणि टोपीच्या आत चेहऱ्याच्या जागी डोळे दिपवणारे प्रकाशाचे कोंब. या सिनेमात कोण माणूस आहे आणि कोण नाही हे शेवटपर्यंत कळत नाही. ती सगळी भीती त्या नसलेल्या चेहऱ्यात आहे. हे चित्र स्ट्रझनने सिनेमा न पाहता, फोनवर मिळालेल्या जुजबी माहितीवर, एका रात्रीत रंगवलं. सकाळी न्यायला माणूस आला तेव्हा रंग ओलाच होता. सिनेमा तेव्हा पडला, पुढे कॅसेटवर लोकांनी तो डोक्यावर घेतला, आणि आज त्याची नवी आवृत्ती या चित्राशिवाय निघाली तर रसिक बोंब मारतात. ‘जॉज’चीही गोष्ट तशीच. रॉजर कॅस्टेलने ते चित्र मुळात पीटर बेंचलीच्या कादंबरीच्या स्वस्त आवृत्तीसाठी काढलं, शार्क कसा दिसतो हे न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात जाऊन पाहिलं, आणि युनिव्हर्सलने तेच उचललं. मूळ रंगवलेलं चित्र पुढे गहाळ झालं ते आजतागायत मिळालेलं नाही. त्याच्या प्रती मात्र कॅसेटपासून ब्लू-रेपर्यंत सगळीकडे आहेत.

म्हणजे परक्यासाठी, परक्याने काढलेलं चित्रसुद्धा ओळखीच्या माणसाला आपलं वाटू शकतं. माझ्या वर मांडलेल्या विभागणीला ही उदाहरणं सरळ आडवी येतात आणि मी ती लपवणार नाही. एवढंच म्हणेन की ‘द थिंग’च्या चित्रात कथानकातला एकही प्रसंग नाही. परक्याला ते कोडं वाटतं, ओळखीच्याला उत्तर. असं दुहेरी चित्र क्वचित जमतं आणि ठरवून तर जवळजवळ कधीच जमत नाही.

ठरवून जे करता येतं ते म्हणजे कव्हर उलटं करून घालता येण्याची सोय. ब्रिटनच्या ॲरो व्हिडिओने हे चांगलं रुळवलं: बाहेर नवीन चित्र, कागदाच्या मागल्या बाजूला जुनं पोस्टर, ज्याला जे हवं त्याने ते बाहेर करावं. सुरुवातीच्या काही आवृत्त्यांना तर खिडकी कापलेलं पुठ्ठ्याचं आवरण आणि चार-चार चित्रांचे पर्याय होते. भांडण मिटवण्याचा हा रास्त मार्ग, असं वाटेल. प्रत्यक्षात भांडण कागदाच्या कोणत्या बाजूला काय असावं यावर सरकलं. बाहेर जे छापलंय तेच दुकानाच्या यादीत दिसतं, ‘अधिकृत’ ठरतं. आतलं मग मनधरणी म्हणून दिलेलं वाटतं. जर्मनीत याच सोयीला वेगळं कारण लाभलं. २००८पासून तिथे वयोगटाचं चिन्ह कव्हरच्या पुढच्या बाजूला, खाली डाव्या कोपऱ्यात, किमान १२०० चौरस मिलिमीटर आकाराचं असावं लागतं. म्हणजे साधारण साडेतीन सेंटिमीटरचा चौकोन. डीव्हीडीचं कव्हर रुंदीला जेमतेम तेरा सेंटिमीटर. त्यात लाल किंवा निळा एवढा मोठा शिक्का बसला की खालच्या कोपऱ्यातल्या माणसाचे पाय गेले, कधी कधी सही केलेल्या चित्रकाराची सहीही गेली. तिथले रसिक इतके वैतागले की कव्हरची दुसरी बाजू बिनशिक्क्याची छापणं ही विक्रीची बाब झाली, आणि ‘वेंडेकव्हर’ आहे का, हे लोक डिस्क घेण्याआधी बघू लागले. दुकानात कायदा पाळायचा, घरी आल्यावर कागद उलटायचा. परका आणि ओळखीचा यांच्यातली सीमारेषा इतकी स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसणार?

मात्र कपाटात ठेवल्यावर या सगळ्यातलं दिसतं किती? पुस्तकाप्रमाणेच डिस्कही उभी राहते आणि आपल्याकडे पाठ करते. बोटभर रुंदीची ती स्पाइन हाच तिचा घरातला चेहरा. अमेरिकेतल्या क्रायटेरियन कंपनीला हे सर्वांत आधी उमगलं. १९८४ साली ‘सिटिझन केन’ आणि ‘किंग काँग’च्या लेझरडिस्कपासून सुरू झालेल्या या कंपनीने पुढे डीव्हीडीच्या प्रत्येक स्पाइनवर क्रमांक घातला. ‘सेव्हन सामुराई’ दोन नंबर, ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’ तेरा. क्रमांक दिसला की मधली रिकामी जागा दिसते, आणि रिकामी जागा दिसली की माणूस न पाहिलेला, एरवी कधीच पाहिला नसता असा सिनेमा विकत घेतो. २०१४ साली याच कंपनीने आपल्या कव्हरांचं आणि त्यांच्या कच्च्या आराखड्यांचं जाडजूड पुस्तक काढलं, आणि सिनेमा बाजूला ठेवून नुसती कव्हरं पाहणारे लोक किती आहेत ते उघड झालं. पण याच चाहत्यांनी हजाराव्या क्रमांकाला नाकं मुरडली. २०१९मध्ये गोडझिलाच्या पंधरा सिनेमांचा संच निघाला, वेगवेगळ्या चित्रकारांच्या भल्यामोठ्या रंगीत चित्रांनी भरलेला, देखणा, आणि कुठल्याही सर्वसाधारण डिस्कच्या फळीवर न मावणारा. ९९९ आणि १००१ शेजारी उभे, हजार नंबर खाली जमिनीवर आडवा. चित्रांबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तक्रार सुताराकडे जावं लागण्याची होती.

स्पाइनच्या प्रकरणात अशा बारीकसारीक गोष्टी पुष्कळ आहेत. वाचकाने कंटाळा करू नये. इंग्रजी डिस्कवरची अक्षरं वरून खाली जातात, फ्रेंच डिस्कवरची खालून वर. दोन्ही देशांची आवड असलेल्या माणसाची मान फळीपुढे सारखी इकडून तिकडे होत असते. डीव्हीडीची डबी एकोणीस सेंटिमीटर उंच, ब्लू-रेची सुमारे सतरा. एका दिग्दर्शकाचे सिनेमे ओळीने लावणाऱ्याला ही दोन सेंटिमीटरं किती खुपतात हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही.

आता सत्यजित राय. भारतीय रसिकाच्या दृष्टीने हा सर्वांत अवघड पेच, आणि या पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण त्यांच्यावर आहे. राय दिग्दर्शक होण्याआधी डिझायनर होते. १९४३मध्ये ते कलकत्त्याच्या डी. जे. कीमर या जाहिरात कंपनीत लागले, सिग्नेट प्रेससाठी पुस्तकांची मुखपृष्ठं केली, आणि त्याच प्रकाशनाच्या ‘पथेर पांचाली’च्या मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रं काढताना त्यांच्या डोक्यात तो सिनेमा शिरला. चित्रावरून सिनेमा झाल्याचं इतकं उघड उदाहरण दुसरं नाही. पुढे आपल्या सिनेमांची पोस्टरं, श्रेयनामावलीची अक्षरं हेही ते स्वतः करत. ‘राय रोमन’सारखे रोमन टाइपही त्यांनी रचले. ‘देवी’च्या पोस्टरमधला शर्मिला टागोरचा अर्धा उजेडात, अर्धा काळोखात असलेला चेहरा पाहिला की कळतं, सिनेमाचा सगळा पेच याच माणसाने एका चेहऱ्यात बसवलाय.

१९९३मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत अपूत्रयीच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. त्यांतून वाचलेले तुकडे बोलोन्यातल्या तंत्रज्ञांनी पुन्हा उभे केले, आणि २०१५ साली क्रायटेरियनने तिन्ही सिनेमे नव्याने आणले. अशा संचावर चित्र कुणाचं हवं? बरेच भारतीय चाहते म्हणतात, रायांनी स्वतः केलेलं पोस्टर असताना दुसऱ्याने हात लावायचाच कशाला. वरवर बिनतोड वाटणारा मुद्दा आहे, पण मला तो तितकासा मान्य नाही. रायांची पोस्टरं बंगाली वाचणाऱ्या माणसासाठी होती. त्यांची गंमत अक्षरांच्या वळणात आहे, अक्षर आणि चेहरा एकमेकांत मिसळण्यात आहे. ते वळण ज्याला वाचता येत नाही, त्याच्या हाती नुसती नक्षी लागते. न्यूयॉर्कमध्ये किंवा, खरं सांगायचं तर, नाशिकमध्येही. राय धंदेवाईक डिझायनर होते. गिऱ्हाईक कोण, हे विचारल्याशिवाय त्यांनी कुंचला उचलला नसता. अमेरिकन गिऱ्हाइकासाठी त्यांनी स्वतः वेगळंच काहीतरी केलं असतं, असं मला वाटतं. अर्थात आतल्या पुस्तिकेत ती पोस्टरं पूर्ण पानावर, नीट छापून द्यायला कुणाची हरकत असावी?

पुठ्ठ्याच्या स्लिपकव्हरांच्या मर्यादित आवृत्त्या आणि पत्र्याच्या स्टीलबुक यांवरचं प्रकरण मुद्दाम छोटं ठेवलं आहे. डिस्क तीच, आतला सिनेमा तोच, वरचा पुठ्ठा संपला म्हणून दुप्पट किमतीला घ्यायची आणि वरचं पारदर्शक वेष्टनही न फोडता ठेवून द्यायची, हा छंद आहे आणि मी कुणाच्या छंदाला नावं ठेवत नाही. पण त्या चर्चेत चित्रापेक्षा भावच जास्त निघतो, आणि भावाबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

ज्यांना हा सगळाच खटाटोप जुनाट वाटतो, त्यांनी आपल्या टीव्हीच्या पडद्याकडे पाहावं. नेटफ्लिक्सने २०१७मध्ये जाहीरपणे समजावून सांगितलं की, एकाच सिनेमासाठी वेगवेगळ्या प्रेक्षकाला ते वेगवेगळं चित्र दाखवतात. त्यांनी उदाहरण दिलं होतं ‘गुड विल हंटिंग’चं: प्रेमकथा बघणाऱ्याला मॅट डेमन आणि मिनी ड्रायव्हर, विनोदी बघणाऱ्याला रॉबिन विल्यम्स. परक्याला खुणावण्याची कला इथे टोकाला पोचली. व्हिपकोने ड्रिल दाखवून जे केलं तेच, फक्त प्रत्येकाचं कपाळ वेगळं. अशा चित्रावर दोन माणसं भांडू शकत नाहीत, कारण दोघांनी एकच चित्र पाहिलेलंच नसतं. डिस्कचं कव्हर वाईट असलं तरी सगळ्यांसाठी सारखंच वाईट असतं.

मराठी सिनेमाच्या चांगल्या आवृत्त्या, म्हणजे मूळ प्रतीवरून स्वच्छ करून, पुस्तिकेसकट, विचार करून केलेल्या कव्हरासह, आपल्याकडे निघत नाहीत. त्यामुळे आपल्या रसिकांची मतं बरीचशी हवेतली राहतात. तरी हा खेळ खेळून बघण्यासारखा आहे. समजा उद्या ‘अशी ही बनवाबनवी’ची अशी आवृत्ती निघाली, तर कव्हरवर काय असावं? मी म्हणतो, लीलाबाई काळभोरांच्या घराचं बंद दार. माणूस एकही नाही, चेहरा एकही नाही. ज्याने सिनेमा पाहिलाय तो दार बघूनच हसायला लागेल, आणि ज्याने पाहिला नाही असा मराठी माणूस शोधावा लागेल. या पुस्तकाचा मसुदा वाचणाऱ्या मित्राचं म्हणणं असं की दार छापलं तर दुकानदार मला दाराबाहेर काढेल; साडीतला लक्ष्या हवा, चेहरा पुरा हवा, आणि नाव लाल अक्षरांत हवं. शिवाय परदेशात वाढलेल्या मराठी मुलांनी हा सिनेमा पाहिलेला नसतो, त्यांना दाराचं काय कौतुक? बराच वेळ वाद झाल्यावर कागद उलटा करता येईल असं कव्हर काढायचं ठरलं. बाहेरच्या बाजूला कोण, हे ठरायचं आहे.